खुणेच्या फांद्या

फुकुए बेट
१८ फेब्रुवारी १९६५

इवाओ,

तुझं पत्र मिळालं. आधी अर्धं पान थंडी-वाऱ्याची चौकशी करायची आणि मग मुद्द्यावर यायचं, ही रीत तू अजून पाळतोस हे बघून हसू आलं. मुद्दा मला पहिल्याच ओळीत कळला होता. तुला रोपं करायला बाबांच्या कॅमेलियाच्या काड्या हव्या आहेत.

बाबा असते तर काय म्हणाले असते ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. "हे फूल अंगणाबाहेर जायचं नाही." शेवटच्या सहा वर्षांत त्यांना माझं नावसुद्धा धड आठवत नव्हतं, पण हे वाक्य आठवत होतं. कोणी भिंतीवरून नुसतं डोकावलं तरी ते अंथरुणातून ओरडायचे. गावात सगळ्यांच्या दारात कॅमेलिया आहेत, लाल, तेलाच्या बियांसाठी लावलेल्या, पण पांढऱ्या काठाची आपली एकच. त्याचा त्यांना किती ताठा होता. मलाही आहे, खोटं कशाला सांगू? फेब्रुवारीत लोक माझ्या दाराशी थांबतात, एरवी कोण थांबतं?

पण तू लिहितोस की झाड म्हातारं झालंय, एका वादळात गेलं तर फूल जगातून जाईल. ते खरं आहे. म्हणून हो म्हणते.

तू सांगितलंस तसंच केलं. आत्ता झाड फुललंय, त्यामुळे कोणत्या डहाळीवर पांढऱ्या काठाचं फूल आहे आणि कोणत्या डहाळीवर साधं लाल, ते दिसतंय. एकाच फांदीवर दोन्ही आहेत, शेजारी शेजारी, आणि पानं अगदी सारखी. जूनमध्ये फुलं नसताना तुझ्यासारख्या पंडितालाही ती ओळखता येणार नाहीत. शिडी लावून पांढऱ्या काठाच्या पंधरा डहाळ्यांना खुणेसाठी बाबांच्या जुन्या युकाताच्या, त्यांच्या सुती झग्याच्या, चिंध्या बांधल्या आहेत. शेजारची कुमे मावशी खालून विचारत होती, झाडाला ताप आलाय का म्हणून.

पावसाळा लागला की ये. रताळ्याचे वाळवलेले काप तुझ्यासाठी ठेवते.

फुसानो


कुसानो, कुरुमेजवळ
४ जुलै १९६५

ताई,

काड्या सुखरूप पोचल्या. बोटीत आणि पुढे आगगाडीत ओल्या शेवाळात गुंडाळलेलं गाठोडं मी मांडीवरच ठेवलं होतं. समोरच्या बाईंनी विचारलं, बाळ झोपलंय का. मी हो म्हणालो.

आमचे मालक एगाशिरा-सान यांनी रोपवाटिकेतला सगळ्यात सावलीचा वाफा मला दिला. वीतभर काडी, खालची पानं काढलेली, वरची दोनच ठेवून तीही अर्धी कापलेली, टोक तिरकं छाटलेलं, आणि मग धुतलेल्या मातीत बोटभर खोल. वर ओलं कापड. सप्टेंबरपर्यंत मुळं धरतील. अठरा वर्षांत मी हे हजारो वेळा केलं असेल, पण या वेळी प्रत्येक काडी दोनदा तपासून लावली.

तुझ्या खुणांच्या पंधराही डहाळ्या आहेत. खुणा किती नीट बांधल्या होत्यास ताई. एगाशिरा-सानना सांगितलं की आमच्या ताईच्या खुणेत चूक व्हायची नाही.

काप संपले. अजून पाठव.

इवाओ


फुकुए बेट
१४ सप्टेंबर १९६५

इवाओ,

झाड पडलं.

परवाचं वादळ तुमच्याकडेही आलं असेल. इथे दुपारी वारा फिरला आणि समुद्राकडून आला. मी आत होते, आवाज भिंत कोसळल्यासारखा झाला. दार उघडून बघितलं तर मुळं वर आणि शेंडा विहिरीवर. घराला काही झालं नाही, मलाही नाही. कुमे मावशीच्या छपराची कौलं उडाली.

शेजारची माणसं करवत घेऊन येतो म्हणतात, विहीर मोकळी करायला हवी. मी म्हटलं, चार दिवस थांबा.

तुझ्या काड्यांना मुळं फुटली का, ते लगेच कळव. बाकी काही लिहवत नाही.

फुसानो


कुसानो
१९ सप्टेंबर १९६५

ताई,

तुझं पत्र वाचून मी वाफ्यापाशी जाऊन बसलो. एगाशिरा-सान येऊन शेजारी बसले.

काळजी करू नकोस. पंधरापैकी बारा काड्यांनी मूळ धरलंय. तुझ्या खुणांचं फूल इथे सुरक्षित आहे, त्यामुळे बाबांचं झाड गेलं असं म्हणायचं कारण नाही.

तरी एक सांगून ठेवतो. पडलेल्या झाडाची पानं अजून हिरवी असतील तर दोन-चार डहाळ्या तोड, ओल्या शेवाळात गुंडाळ आणि मिळेल त्या बोटीने पाठव. मी त्या दुसऱ्या खोडावर कलम करून बघीन. सप्टेंबरमध्ये जमतं कधी कधी. अर्थात तुझ्या बारा काड्या असताना गरज काय? तुला वाटलं तर पाठव. कोणत्या डहाळ्या पाठवायच्या ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

इवाओ


फुकुए बेट
२ ऑक्टोबर १९६५

इवाओ,

पत्राला उशीर झाला. डहाळ्या पाठवल्या नाहीत. तूच लिहिलंस की गरज नाही. शिवाय समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पानं दोन आठवड्यांत तपकिरी पडली. शेजारच्यांनी काल खोड कापून नेलं. विहीर वापरता येते आता.

अंगणात खूप उजेड पडतो. सवय नाही.

काप पाठवते आहे.

फुसानो


कुसानो
१२ डिसेंबर १९६७

ताई,

दोन वर्षं तू जेमतेम चार कार्डं पाठवलीस, तीही हवामानाची. आपल्या घरात हवामानाचा कंटाळा तुला होता की मला, तेच कळेना झालंय.

बातमी अशी आहे की बारापैकी सात रोपांवर कळ्या धरल्या. मोठ्या, गोल, फेब्रुवारी संपल्यावर नक्की उमलतील. मार्चच्या पहिल्या रविवारी कुरुमेला प्रदर्शन आहे आणि एगाशिरा-साननी आपल्यासाठी मधली जागा मागून घेतली आहे. त्यांनी अजून फूल पाहिलेलं नाही. माझ्या शब्दावर आणि तुझ्या खुणांवर त्यांनी ओळखीच्या सगळ्या माळ्यांना सांगून ठेवलंय. नागासाकीहून लोक येणार आहेत. फुलाला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय.

कळ्या बंद असतानाच मांडवात नेऊन ठेवायच्या, तिथेच उमलू द्यायच्या, असा माझा विचार आहे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तू येशील ना? तुला पुढच्या रांगेत बसवीन आणि सांगीन, खुणा हिने बांधल्या.

इवाओ


फुकुए बेट
९ जानेवारी १९६८

इवाओ,

ही रोपं प्रदर्शनात नेऊ नकोस. ती लाल फुलतील. सगळी, सातच्या सात.

हे वाक्य लिहायला मला अडीच वर्षं लागली. ते लिहून झाल्यावर कागद उलटा ठेवला आणि चुलीवर भात ठेवायला गेले. परत आले तरी ते तिथेच होतं, म्हणून पुढे लिहिते.

फेब्रुवारीत खुणा मी खऱ्याच बांधल्या होत्या. ते तुला लिहिलं ते खोटं नव्हतं. तू येणार त्याच्या आदल्या दिवशी मी शिडी लावली, पंधराच्या पंधरा चिंध्या सोडल्या आणि शेजारच्या लाल डहाळ्यांना बांधल्या. चांगल्या जाड, जोमदार डहाळ्या निवडल्या, म्हणजे तुला आवडतील. तुला कळायचं नाही हे मला माहीत होतं, पानं सारखीच असतात. शिडीवर उभी असताना मला अजिबात वाईट वाटत नव्हतं. सगळ्यात जास्त लाज मला आता त्याची वाटते.

का केलं, ते बाबांच्या नावावर ढकलता आलं असतं. ते नको म्हणायचे, मी त्यांचा शब्द पाळला, असं. दोन वर्षं मी स्वतःला तेच सांगितलं. पण तसं नव्हतं. सहा वर्षं मी त्यांना भरवलं, धुतलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. तू दर नववर्षाला एक कार्ड पाठवायचास आणि ते कार्ड उशाशी ठेवून बाबा मला तुझ्या नावाने हाक मारायचे. मी ओ द्यायची. ते गेले तेव्हा तू दोन दिवसांसाठी आलास, आणि तीन महिन्यांत तुझं पत्र आलं ते माझी चौकशी करणारं नव्हतं, फुलाची होती चौकशी. मला वाटलं, हा तेवढंही घेऊन जाणार, आणि मग ते सगळ्यांच्याच दारात होईल. मग माझ्या दाराशी कोण थांबेल?

धक्क्यावर निघताना तू मला विचारलंस, आठवतं? "ताई, खुणा तूच बांधल्यास ना?" आणि मी म्हणाले, "मग कोण बांधणार, कुमे मावशी?" तू हसलास. मीही हसले.

पुढचं त्याहून वाईट आहे. झाड पडलं तेव्हा खऱ्या डहाळ्या माझ्या हाताशी, जमिनीवर होत्या. शिडीसुद्धा लागणार नव्हती. तू लिहिलंस, पाठव. तुझं पत्र आल्यावरही पाच-सहा दिवस पानं हिरवी होती. मी रोज कात्री घेऊन बाहेर जायची. पण पाठवल्या असत्या तर त्या कलमांवर एक फूल आलं असतं आणि तुझ्या बारा काड्यांवर दुसरं, आणि तुला कळलं असतं. माझी लबाडी उघडी पडू नये म्हणून मी बाबांचं फूल अंगणात वाळू दिलं. मग पानं तपकिरी झाली आणि मला खरंच सुटल्यासारखं वाटलं.

ते फूल आता कुठेच नाही. मी घालवलं. एगाशिरा-सानना सांग की तुझ्या बहिणीने फसवलं, तुझी चूक नाही. हे पत्र दाखव हवं तर. मी प्रदर्शनाला येणार नाही. तू यापुढे लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

फुसानो


कुसानो
२० फेब्रुवारी १९६८

ताई,

तुझं पत्र येऊन महिना झाला. रोज उत्तर लिहितो आणि फाडतो. तुला फक्त तुझं सांगायचं होतं, ते माझ्यापेक्षा सोपं होतं असं वाटू लागलंय मला. आता माझं ऐक.

मला त्या दिवशीच कळलं होतं.

जूनमध्ये शिडीवर चढलो तेव्हा चिंध्यांच्या शेजारच्या डहाळ्यांवर मला वळ दिसले. चार महिने कापड बांधलेलं असलं की तेवढ्या जागी साल फिकी राहते, शेवाळ धरत नाही. बारीक पांढरट कडं उठतं. आणि जिथे चिंधी होती तिथे खाली कसलाच वळ नव्हता. माळीकामात पहिल्या वर्षीच शिकतो आम्ही हे. मी शिडीवर उभा राहून मोजले. पंधरा वळ.

तू खाली शिडी धरून उभी होतीस. तेव्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. तुझ्यासमोर चिंध्यांच्या पंधरा डहाळ्या कापल्या, वाखाणल्या, गाठोड्यात बांधल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बाबांच्या थडग्यावर उदबत्ती लावायला गेलीस, तेव्हा परत शिडी लावली आणि वळांच्या डहाळ्यांमधून चार तोडल्या. तू बाबांपाशी हात जोडून बसली होतीस आणि मी त्यांच्या झाडावर चोरी करत होतो. त्या चार अंगरख्याच्या आत, पोटाशी धरून नेल्या. धक्क्यावर तुला विचारलं तेव्हा त्या मला टोचत होत्या.

दोन मातीत लावल्या, दोन खोडावर कलम केल्या. मातीतल्या दोन्ही गेल्या. एक कलम हिवाळ्यात सुकलं. एक राहिलं.

इथपर्यंत मला फारशी लाज वाटत नाही, खरं सांगतो. तू फसवलंस, मी चोरलं, फिटंफाट झाली असती. लाज पुढची आहे. झाड पडल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा कलमाला नवी पानं फुटली होती. एक ओळ लिहिली असती, की ताई, मला माहीत आहे, फूल माझ्याकडे आहे, तर तू त्या रात्री झोपली असतीस. मी ती लिहिली नाही. तुझ्या खुणा, तुझ्या खुणा असं लिहीत राहिलो. प्रत्येक वेळी मुद्दाम. डहाळ्या पाठव म्हणालो तेही तुला कोंडीत पकडायलाच. प्रदर्शनाची, पुढच्या रांगेची गोष्ट लिहिली तेव्हा तर मला मजा वाटत होती. लाल रोपं मी मांडवात नेणारच नव्हतो. तू कबूल करावंस, रडावंस, एवढंच मला हवं होतं. फुलापेक्षा जास्त हवं होतं.

मग तुझं पत्र आलं आणि त्यात बाबा तुला माझ्या नावाने हाक मारायचे आणि तू ओ द्यायचीस, हे होतं. एगाशिरा-साननी विचारलं, घरी काही वाईट झालंय का. मी म्हणालो, माझ्याकडून झालंय. त्यांना सगळं सांगितलं, माझं पण आणि तुझं पण, माफ कर. ते बराच वेळ कात्री पुसत बसले. मग म्हणाले, "बहिणीने निदान लिहिलं तरी. तू तर रोज इथे येऊन त्या रोपाला पाणी घालत होतास."

काल सकाळी कलमावरची एकुलती एक कळी उमलली. लाल, आणि काठाला पांढरं. बोटाने पुसून बघितलं, खरंच पांढरं.

प्रदर्शनासाठी नाव नोंदवायचा कागद समोर आहे. त्यात तीन रकाने मी भरू शकत नाही. मूळ रोप कोणाकडून मिळालं, कसं मिळालं, आणि केव्हा. बहिणीने दिलं म्हणावं तर खोटं, आणि चोरलं म्हणावं तर बाबांचं नाव त्याच ओळीत येतं. एगाशिरा-सान म्हणतात, खोटं लिहिणार असशील तर मधली जागा परत करतो. त्यांचं बरोबर आहे. तू सांगशील तसं करीन. नेऊ नको म्हणालीस तर नेणार नाही, रोप बोटीने तुझ्याकडे पाठवीन, फूल अंगणाबाहेर राहणार नाही.

इवाओ


फुकुए बेट
२५ फेब्रुवारी १९६८

इवाओ,

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझा इतका राग आला की कुमे मावशीवर ओरडले. बिचारी मीठ मागायला आली होती. अडीच वर्षं तू मला मंद आचेवर ठेवलंस आणि वर झाकण उघडून बघत राहिलास. आई म्हणायची तुझा स्वभाव बाबांवर गेलाय. माझा कोणावर गेलाय ते आता विचारायला नको.

राग संध्याकाळपर्यंत टिकला. मग जेवताना लक्षात आलं की तू चोरी केली नसतीस तर आज काहीच उरलं नसतं. तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास तर बाबांचं फूल गेलं असतं. हे वाक्य मी तीनदा वाचून बघितलं. कोणत्याही बाजूने वाचलं तरी मला मान वर करता येत नाही.

तू अंगरख्यात काड्या लपवून माझ्यासमोर उभा होतास आणि मी हसत होते. शेजारपाजारच्यांनी आपल्याला बघून म्हटलं असेल, किती प्रेमाची भावंडं.

रोप इकडे पाठवू नकोस. इथे वारा खारा आहे आणि कलम लहान आहे, आणि त्याला माझ्याच अंगणात ठेवायचा हट्ट कुठे नेतो ते आपण बघितलं. पुढच्या जूनमध्ये त्याच्या काड्या कर. ज्याला हव्या त्याला दे. त्यातली एक मला पाठवलीस तर नको म्हणणार नाही, पण मागत नाही. प्रदर्शनाला येते. पुढच्या रांगेत बसवू नकोस, मागे उभी राहीन.

एगाशिरा-सानना माझा नमस्कार सांग. कागदावर खोटं लिहायला नको, हे त्यांचं मला पटलं. म्हणून हे पत्र त्यांना दाखव. मी, फुसानो, माझ्या वडिलांच्या झाडाची काडी माझा भाऊ इवाओ याला देते. माझ्याकडे झाड राहिलेलं नाही, डहाळी नाही, पानसुद्धा नाही, आणि जेव्हा होतं तेव्हा मी दिलं नाही. तरी देते.

कोणाकडून, तिथे माझं नाव घाल. कसं मिळालं, तिथे बहिणीने दिलं असं लिही. केव्हा, तिथे आजची तारीख घाल. आजच्या आधी मी दिलेलं नव्हतं.

फुसानो